संशोधन पद्धतीचं पहिलं पुस्तक कसं निवडावं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएच.डी.चा प्रवेश पक्का झाला की आठवड्याभरात विद्यार्थी विचारतात, "कोणतं पुस्तक घेऊ?" कोर्सवर्कला (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला) संशोधन पद्धती शिकवताना हा प्रश्न मला अनेक रूपांत भेटला आहे. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे येऊन गेला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुस्तक लागतंच का? व्हिडिओ आणि वर्गातल्या नोट्सवर काम भागत नाही का?

कोर्सवर्कपुरतं भागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) आहे. त्यात संशोधन पद्धती आणि 'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' हे दोन्ही अभ्यासक्रम येतात, आणि पुढे जायला किमान ५५ टक्के गुण लागतात. एवढं नोट्सवर होऊन जातं. अडचण दोन वर्षांनी येते. गावोगाव फिरून भरून आणलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर असतो आणि आता यांचं करायचं काय, हे कळत नाही. त्या दिवशी नोट्स अपुऱ्या पडतात. तेव्हा हाताशी असं पुस्तक हवं, ज्यातलं कोणतं प्रकरण उघडायचं हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे.

याच नियमावलीने एम.फिल. बंद केली. पूर्वी पुष्कळ जण पद्धतीचा पहिला सराव एम.फिल.च्या लहान प्रबंधावर करत, तिथे चुकत आणि मग पीएच.डी.कडे येत. ती मधली पायरी आता नाही, म्हणून पहिलं पुस्तक विचार करून निवडणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

२. सगळ्यात चांगलं पुस्तक कोणतं? एकच नाव सांगा.

तुमचा संशोधनविषय ऐकल्याशिवाय नाव सांगितलं तर मी तुमचं नुकसानच करीन. बचत गटांतल्या बायकांच्या उत्पन्नाचा अभ्यास, महानुभाव पोथ्यांच्या पाठभेदांचा (प्रतीप्रतींतल्या फरकांचा) अभ्यास आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या ताणाचा अभ्यास या तिघांना एकच पुस्तक पुरणार नाही.

म्हणून पुस्तक शोधण्याआधी कागदावर तीन वाक्यं लिहा. मी कशाचा अभ्यास करतो आहे? मला त्यातलं नेमकं काय शोधायचं आहे? ते कळल्याने वाचणाऱ्याला कोणती मोठी गोष्ट उलगडेल? ही तीन पायऱ्यांची रीत बूथ, कोलोम आणि विल्यम्स यांच्या 'द क्राफ्ट ऑफ रिसर्च' (पहिली आवृत्ती १९९५) या पुस्तकाची आहे. ज्यांना दुसरं वाक्य लिहिताच येत नाही, त्यांनी तेच पुस्तक आधी वाचावं असं मी सांगते. त्यात संख्याशास्त्र नाही, प्रश्नावली नाही. विषयापासून प्रश्नापर्यंत कसं यायचं आणि प्रश्नापासून युक्तिवाद कसा बांधायचा, एवढंच आहे. कोणत्याही विद्याशाखेला ते चालतं.

दुसरं वाक्य जमलं असेल, तर त्यातला प्रश्न बघा. 'किती' किंवा 'कोणामुळे किती फरक' असं विचारलं असेल तर संख्यात्मक बाजू पक्की असलेलं पुस्तक हवं. 'कसं' आणि 'त्या माणसांना त्याचा अर्थ काय वाटतो' असं असेल तर गुणात्मक. 'हा मजकूर मूळचा कोणता', 'हा कागद खरा का' असं असेल तर थेट प्रश्न ७ वाचा.

३. ग्रंथालयात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचं कसं?

अनुक्रमणिका सगळ्या पुस्तकांची जवळपास सारखीच असते, तिच्यावरून काही कळत नाही. मी नमुना निवडीचं प्रकरण उघडते आणि त्यात ३८४ हा आकडा शोधते.

सामाजिक शास्त्रांतले प्रबंध चाळलेत तर हा आकडा सतत भेटेल. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये एक तक्ता प्रसिद्ध केला. समष्टी (ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा ते सगळे) १,००० असेल तर नमुना २७८, १०,००० असेल तर ३७०, दहा लाख असेल तरी ३८४. बरेच विद्यार्थी तक्ता बघतात, आकडा उचलतात आणि पुढे जातात. आकडा येतो कुठून? ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ हा आकडा घेतात आणि त्याचा वर्ग करतात. त्याला ०.५ गुणिले ०.५ ने गुणतात, कारण लोकांची मतं अर्धी-अर्धी विभागलेली असतील तेव्हा अनिश्चितता सगळ्यात जास्त असते. मग ५ टक्के चूक चालेल असं धरून ०.०५ च्या वर्गाने भागतात. उत्तर ३८४.१६.

चांगलं पुस्तक ही रीत दाखवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते बजावून सांगतं की हे गणित यादृच्छिक नमुन्यालाच (चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या) लागू आहे. एसटी स्टँडवर भेटतील त्यांच्याकडून अर्ज भरून घेतले किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला, आणि ३८४ उत्तरं जमवली, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. हा इशारा ज्या पुस्तकात नाही, नुसता तक्ता आहे, ते मी परत कपाटात ठेवते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त अडचणी या एका न वाचलेल्या वाक्यातून आलेल्या असतात.

दुसरं बघायचं ते समस्या विधानाचं प्रकरण. एखादं कच्चं विधान घेऊन ते दोन-तीन टप्प्यांत नीट करून दाखवलं आहे का, की फक्त 'समस्या स्पष्ट असावी, मर्यादित असावी' अशी वैशिष्ट्यांची यादी दिली आहे? वैशिष्ट्यं पाठ होतात, हात बसत नाही. तिसरं, शेवटी विषयसूची (कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणारी) आहे का ते बघा. सूची नसलेलं पुस्तक एकदा वाचायला बरं असतं, पण रात्री अकरा वाजता एक शंका सोडवायची असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

४. मराठीतलं घ्यावं की इंग्रजीतलं?

प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर दोन्ही. इंग्रजीत लिहिणार असाल आणि इंग्रजी वाचनाची सवय नसेल, तरी पहिलं वाचन मराठीत करा. संकल्पना एकदा आपल्या भाषेत बसली की इंग्रजी पुस्तक निम्म्या वेळात वाचून होतं, हे मी वर्गात अनेकदा पाहिलं आहे.

शिक्षणशास्त्रात मुळे आणि उमाठे यांचं 'शैक्षणिक संशोधनाची मूलतत्त्वे' आणि भिंताडे यांचं 'शैक्षणिक संशोधन पद्धती' ही पुस्तकं बरीच वर्षं वापरात आहेत. समाजशास्त्राकडच्या विद्यार्थ्यांना भांडारकरांचं 'सामाजिक संशोधन पद्धती' आणि आगलावे यांचं 'संशोधन पद्धतीशास्त्र व तंत्रे' ग्रंथालयात सहसा मिळतात.

मराठी पुस्तकांचा खरा त्रास परिभाषेचा आहे. संशोधक जे तात्पुरतं विधान तपासायला घेतो, त्याला एक लेखक 'परिकल्पना' म्हणतो, दुसरा 'गृहीतकृत्य', तिसरा 'अभ्युपगम'. 'गृहीतक' हा शब्द तर आणखी फसवा आहे. काही पुस्तकांत त्याचा अर्थ न तपासता मान्य केलेली गोष्ट असा आहे, आणि काहींत तो चक्क परिकल्पनेसाठी वापरलेला आहे. या दोन अगदी उलट गोष्टी आहेत. एक आपण तपासत नाही, दुसरी तपासण्यासाठीच मांडतो. वैधता आणि सप्रमाणता, नमुना आणि न्यादर्श, चल आणि परिवर्तक अशा एकाच अर्थाच्या शब्दांच्या जोड्याही भेटतील. पहिल्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर शब्दांची यादी ठेवा, अडलं तर राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. प्रबंधात कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला ते पहिल्याच प्रकरणात सांगा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

५. सगळे कोठारी वाचतात. मी तेवढंच वाचलं तर चालेल?

सी. आर. कोठारी यांचं 'रिसर्च मेथडॉलॉजी : मेथड्स अँड टेक्निक्स' १९८५ पासून आहे आणि आपल्याकडच्या कितीतरी अभ्यासक्रमांत लावलेलं आहे. नंतरच्या आवृत्त्यांना गौरव गर्ग सहलेखक आहेत. वाणिज्य, व्यवस्थापन, अर्थशास्त्र अशा विषयांत, जिथे आकडे जमवून परिकल्पना तपासायच्या आहेत, तिथे ते भक्कम आहे. काय-वर्ग चाचणी, प्रसरण विश्लेषण या संख्याशास्त्रीय चाचण्यांची सोडवलेली उदाहरणं त्यात आहेत, आणि हाताने एकदा सोडवून बघितली की सॉफ्टवेअर काय करतं ते कळतं.

मुलाखती, निरीक्षण, क्षेत्रकार्य यांवर उभ्या असलेल्या कामाला ते पुरत नाही. आणि प्रश्न कसा घडवायचा हे त्यातून शिकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी प्रश्न २ मध्ये सांगितलेलं पुस्तक आहे.

६. मग रणजीत कुमार आणि क्रेसवेल यांत कोणतं?

रणजीत कुमार यांचं पुस्तक अगदी नवख्यासाठी आहे. संशोधनाच्या आठ पायऱ्या करून ते क्रमाने चालवत नेतात, भाषा सोपी आहे. ज्याने आयुष्यात एकही सर्वेक्षण केलेलं नाही त्याने इथून सुरुवात करावी.

क्रेसवेल यांचं 'रिसर्च डिझाइन' (पहिली आवृत्ती १९९४) सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायला बसाल तेव्हा घ्या. संख्यात्मक, गुणात्मक आणि मिश्र अशा तिन्ही वाटा त्यात शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या आहेत. उद्देशविधान कसं लिहायचं याचे तयार साचेही दिले आहेत, मोकळ्या जागा भरायच्या. साच्यांचा उपयोग करा, पण तो कच्चा खर्डा समजा. मार्गदर्शकांकडे नेण्याआधी वाक्य स्वतःचं झालेलं असावं.

७. माझा विषय मराठी साहित्य (किंवा इतिहास) आहे. या पुस्तकांत माझ्यासाठी काहीच नाही असं वाटतं.

तुमचं वाटणं बरोबर आहे. आणि दर वर्षी या विषयांचे विद्यार्थी 'शून्य परिकल्पना (फरक किंवा संबंध नाही असं मांडून आकड्यांनी तपासायचं विधान) काय लिहू' असं रडवेल्या चेहऱ्याने विचारतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. सामायिक कोर्सवर्कमध्ये सगळ्यांना एकच पुस्तक लावल्याचा हा परिणाम आहे. संत कवीच्या अभंगांतली प्रतिमासृष्टी अभ्यासायला पंचबिंदू श्रेणी ('पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय) लागत नाही.

मराठीत या कामाची स्वतःची परंपरा आहे. स. गं. मालशे यांचं 'शोधनिबंधाची लेखनपद्धती' टिपा, संदर्भ, सूची यांची शिस्त लावतं. सदा कऱ्हाडे यांचं 'संशोधन : सिद्धांत आणि पद्धती' साहित्याच्या अभ्यासकाला जवळचं वाटेल.

हस्तलिखितांवर काम असेल तर एस. एम. कात्रे यांची भारतीय पाठचिकित्सेवरची (प्रती ताडून मूळ मजकूर ठरवण्याच्या शास्त्रावरची) १९४१ ची इंग्रजी प्रवेशिका शोधा. तिच्या जोडीला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतल्या आदिपर्वाला वि. स. सुकथनकरांनी १९३३ मध्ये लिहिलेली प्रस्तावना वाचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत कुठकुठल्या लिप्यांतल्या पोथ्या जमवल्या, त्यांचे उत्तर आणि दक्षिण असे गट कसे पाडले, एखादा श्लोक मूळचा की मागाहून घातलेला हे कशावरून ठरवलं, हे सगळं तिथे उघड्यावर मांडलेलं आहे. ती पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेली नाही. तरी पद्धत शिकायला तिच्याइतकं चांगलं वाचन मी दुसरं सुचवू शकत नाही.

इतिहासवाल्यांनी राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडमालेच्या प्रस्तावना वाचाव्यात. पहिला खंड १८९८ चा. कागद कसा मिळाला, त्याची तारीख कशी लावली, हे बघायला त्या अपूर्व आहेत. त्यांचे निष्कर्ष मात्र तपासूनच घ्यावेत. आणि एक व्यवहाराची गोष्ट : पेशवेकाळावर काम असेल तर कोणत्याही पद्धतीच्या पुस्तकाआधी मोडी शिका. गोव्याच्या इतिहासासाठी पणजीच्या पुराभिलेखागारात बसायचं असेल तर पोर्तुगीज शिका. कागद वाचता येत नसेल तर पद्धतीचा प्रश्न उद्भवतच नाही.

८. नेट-सेट आणि पेटच्या (पीएच.डी. प्रवेश परीक्षेच्या) तयारीची पुस्तकं घरात आहेत. तीच वापरू का?

नको. नेटच्या पहिल्या पेपरमध्ये 'संशोधन अभिवृत्ती' हा घटक आहे आणि त्यासाठीची पुस्तकं चार पर्यायांतला एक ओळखायला शिकवतात. प्रबंध लिहिताना समोर पर्याय नसतात. व्याख्यांची उजळणी करायला ती ठेवा, प्रबंधात त्यांचा संदर्भ देऊ नका. परीक्षकाच्या नजरेला ते लगेच खुपतं.

९. ग्रंथालयात जुनी आवृत्ती आहे. चालेल का?

पुस्तकाचे काही भाग लवकर जुने होतात, काही होत नाहीत. प्रमाण विचलन काढायची रीत बदललेली नाही. नमुना निवडीचं मूळ तर्कशास्त्रही तेच आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांचा नमुना सर्वेक्षणावरचा ग्रंथ १९५४ चा आहे, आणि त्यातलं गणित आजही खरं आहे (नवख्याने तो लगेच उघडू नये, अवघड आहे).

जुनं होतं ते संदर्भशैलीचं प्रकरण. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि तिने प्रकाशकाचं गाव लिहिणं काढून टाकलं. जुन्या पुस्तकात बघून 'पुणे :', 'न्यू यॉर्क :' लिहीत गेलात तर सगळी सूची पुन्हा करावी लागेल. सॉफ्टवेअरचं प्रकरणही टाकाऊ होतं. नीतिमत्तेचं तर नक्कीच : आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मानवी सहभागींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची, यूजीसीचा वाङ्मयचौर्याविषयीचा नियम २०१८ चा, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा. हे तीन दस्तऐवज मूळचे मिळवून वाचा. मग पुस्तक जुनं असलं तरी अडत नाही.

१०. मला गणिताची भीती वाटते. संख्याशास्त्र टाळता येईल असं पुस्तक आहे का?

आहेत. पण भीतीपोटी पद्धत बदलू नका. गुणात्मक संशोधन सोपं म्हणून निवडणाऱ्यांना ते लवकरच अधिक अवघड वाटू लागतं : चाळीस मुलाखती शब्दशः लिहून काढायला महिने जातात.

सूत्राऐवजी कल्पनेपासून सुरू करणारं पुस्तक घ्या. ती कल्पना कशी असते त्याचा नमुना सांगते. रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या ग्रंथात चहाचा प्रयोग आहे. एक बाई म्हणाल्या की कपात दूध आधी घातलं की चहा, हे मी चवीवरून ओळखते. आठ कप घ्यायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि क्रम सरमिसळ करायचा. आठांतून चार निवडायचे ७० मार्ग आहेत. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक, साधारण १.४ टक्के. तरीही सगळे बरोबर आले तर 'नुसता अंदाज होता' असं म्हणणं अवघड होतं. सार्थकतेच्या पातळीचं (निकाल योगायोगाचा नाही असं कधी म्हणायचं, त्या मर्यादेचं) मूळ एवढंच आहे. हे तुम्हाला आत्ता समजलं असेल, तर संख्याशास्त्र तुमच्या आवाक्यात आहे.

११. उदाहरणं सगळी अमेरिकेतली आहेत. माझं काम मेळघाटात आहे.

तंत्र तिकडून घ्या, क्षेत्रकार्याची समज इथून. श्रीनिवास, शाह आणि रामस्वामी यांनी संपादित केलेलं 'द फील्डवर्कर अँड द फील्ड' (१९७९) हे भारतातल्या क्षेत्रकार्यातल्या अनुभवांचं पुस्तक आहे. मुलाखत एकांतात घ्या असं पाठ्यपुस्तक सांगतं. आपल्या गावात ओटीवर बसलात की सासू, दीर, शेजारी आणि चार पोरं जमतात, आणि सून काही बोलत नाही. जात, आडनाव, कोणाच्या घरी आधी चहा घेतला, यावर पुढची दारं उघडतात किंवा बंद होतात. हे ठरीव प्रकरणांतून शिकता येत नाही, दुसऱ्यांचे अनुभव वाचूनच थोडं कळतं.

याच कारणाने मी पद्धतीच्या पुस्तकाबरोबर शोधगंगेवरून (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातून) आपल्या विषयाजवळचे दोन पूर्ण प्रबंध वाचायला लावते. फक्त पद्धतीचं प्रकरण वाचायचं आणि प्रत्येक निर्णयापुढे 'का?' लिहायचं. उत्तर प्रबंधात नसेल तर पुस्तकात शोधायचं.

१२. मार्गदर्शक सांगतात ते एक आणि पुस्तकात आहे ते दुसरं. कोणाचं ऐकू?

आधी खात्री करा की विरोध खरा आहे. पुष्कळदा तो फक्त शब्दांचा असतो (प्रश्न ४). खरा असेल तर पुस्तक घेऊनच मार्गदर्शकांकडे जा. "सर, पुस्तकात चूक लिहिलंय का?" असं न म्हणता, "मॅडम, या पानावर असं दिलंय, आपल्या अभ्यासाला कोणतं लागू पडेल?" असं विचारा. सगळ्यात जास्त वेळा हा वाद मुलाखतींवरच्या प्रबंधात शून्य परिकल्पना हवी का, यावर होतो. क्रेसवेल गुणात्मक अभ्यासात परिकल्पनेऐवजी संशोधनप्रश्न मांडायला सांगतात, ते पान दाखवता येईल. विभागाच्या नमुन्यात परिकल्पनेचा रकाना सक्तीचाच असेल तर तिथे काय लिहायचं हे मार्गदर्शकांनी ठरवावं. तो निर्णय व्हायवात (तोंडी परीक्षेत) तेच तुमच्या बाजूने मांडणार आहेत.

१३. मी रसायनशास्त्रात आहे. मला यातलं काही लागेल का?

फार थोडं. प्रयोगाची आखणी, मापनातली चूक आणि नीतिमत्ता एवढंच. पद्धत तुम्ही प्रयोगशाळेत ज्येष्ठांच्या शेजारी उभं राहून शिकाल. सर्वसाधारण पुस्तक विकत घेऊ नका, ग्रंथालयातून आणा.

१४. एआय चॅटबॉटने पाच मराठी पुस्तकांची यादी दिली. ग्रंथालयात एकही सापडत नाही.

ती पुस्तकं अस्तित्वातच नसण्याची शक्यता मोठी आहे. चॅटबॉट खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेलं पुस्तक, प्रकाशक आणि सालासकट सांगतो. ग्रंथालयाच्या सूचीत किंवा प्रकाशकाच्या यादीत नाव दिसल्याशिवाय ते वहीतसुद्धा उतरवू नका. एकदा उतरवलं की ते संदर्भसूचीपर्यंत जातं. या पानावरची नावंही तशीच पडताळून घ्या.

१५. पुस्तक मिळालं. आता पहिल्या पानापासून वाचू?

पहिलं वाचन सलग, पंधरा दिवसांत, अडलं तरी न थांबता. दुसरं वाचन गरजेप्रमाणे : सिनॉप्सिस लिहिताना समस्येचं प्रकरण, प्रश्नावली करताना साधनांचं. नमुना निवडीचं प्रकरण मात्र माहिती गोळा करायला घराबाहेर पडण्याआधी दुसऱ्यांदा वाचाच. विश्लेषणाचं प्रकरण चुकलं तर टेबलावर बसून दुरुस्त करता येतं. चुकीच्या माणसांकडून भरून आणलेल्या प्रश्नावल्या दुरुस्त करता येत नाहीत, पुन्हा गावी जावं लागतं.